विमानतळावर रात्र काढणाऱ्या माणसाने पाठ कुठे टेकायची? नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय राज्यमंत्री,
नागरी हवाई वाहतूक मंत्रालय, नवी दिल्ली

सा. न. वि. वि.

आपण पुण्याचे. मराठीत लिहिलेलं आपल्यापर्यंत मधल्या कुणाच्या हातून न जाता पोहोचेल, या भरवशावर हे पत्र लिहीत आहे. मी अमरावतीची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गेल्या आठवड्यात माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाईंनी देशातल्या एका मोठ्या, नावाजलेल्या विमानतळावर अख्खी रात्र स्टीलच्या खुर्चीत बसून काढली. त्यांच्या पायांची सूज अजून उतरलेली नाही. डॉक्टरांनी विचारलं, "इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून का बसवलंत?" मी त्यांना काय उत्तर देणार? ते उत्तर तुमच्या खात्याकडे आहे, म्हणून तुम्हाला विचारते.

मुलगा नोकरीनिमित्त गुवाहाटीला असतो. पणतूचं बारसं आटोपून आम्ही दोघी नागपूरला परतत होतो. तिकीट एकच, कंपनी एकच, फक्त मध्ये विमान बदलायचं. पहिलं विमान रात्री ११ वाजून २० मिनिटांनी उतरणार, दुसरं सकाळी ६:४० ला सुटणार. हे असं तिकीट आम्ही हौसेनं काढलं नव्हतं. दिवसाच्या तिकिटाचे पैसे जवळजवळ दुप्पट होते आणि पेन्शनवर जगणारं माणूस कमी पैशांचंच तिकीट काढतं. कंपनीने ते 'कनेक्टिंग' म्हणून विकलं. मधल्या सात तासांत प्रवाशाने कुठे राहायचं, याबद्दल तिकिटावर चकार शब्द नव्हता.

उतरल्यावर सासूबाईंना व्हीलचेअर मिळाली. ढकलणारा मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेरच्या दारापाशी येताच तो म्हणाला, "माताजी, बस यहीं तक." खुर्ची दुसऱ्या विमानाच्या प्रवाशाला हवी होती. पुढच्या विमानासाठी व्हीलचेअर हवी तर कंपनीच्या काउंटरवर सांगायचं आणि काउंटरवर माणूस पहाटे चारला येणार! आम्ही जाण्याच्या दारावर गेलो तर तिथल्या जवानाने तिकीट पाहून मान हलवली. अजून फार वेळ आहे, आत्ता आत सोडता येत नाही. मी त्याला सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्याने पाहिलं, त्याला वाईटही वाटलं असावं, पण त्याच्या हातात काही नव्हतं. साहेब, या सगळ्या रात्रीत मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने हेच सांगितलं, की त्याच्या हातात काही नाही. मग कुणाच्या हातात आहे?

आवारातल्या हॉटेलात विचारलं. एका रात्रीचे आठ हजारांच्या वर सांगितले. लाउंज तर आत, सुरक्षा तपासणीच्या पलीकडे. तिथे विशिष्ट कार्ड लागतं आणि तेही दोन-तीन तासांसाठी. मग राहिल्या त्या खुर्च्या. तीन-तीनच्या रांगा, थंडगार स्टीलच्या आणि प्रत्येक दोन खुर्च्यांच्या मध्ये पक्का बसवलेला दांडा. हा दांडा हात टेकायला नाही. माणसाने आडवं होऊ नये म्हणून तो आहे, हे त्यावर एक रात्र काढलेल्या कुणालाही कळेल. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा समोर होत्या आणि त्यांतल्या एकीवरही म्हातारीला पाय लांब करता येत नव्हते. एवढा विचार करून, पैसे मोजून, कुणीतरी या खुर्च्या निवडल्या असतील ना?

दीडच्या सुमाराला मी खांबाच्या आडोशाला माझी शाल अंथरली, पर्स उशाला दिली आणि सासूबाईंना खाली आडवं केलं. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसवणंसुद्धा मोठं काम. वरून एसीचा झोत, पाठीखाली फरशीचा गारठा, आणि त्यांच्या अंगावर एक साधा स्वेटर. अर्धा तास झाला नसेल, फरशी पुसण्याचं मशीन आलं आणि त्याच्या मागोमाग एक सुपरवायझर. "यहाँ लेटना मना है." साहेब, ८१ वर्षांच्या बाईला दोघांनी काखेत हात घालून उठवलं आणि पुन्हा त्या खुर्चीत बसवलं. त्या काही बोलल्या नाहीत. बाथरूमला जायला लागू नये म्हणून त्यांनी रात्रभर पाण्याचा घोट घेतला नाही, हे मला घरी आल्यावर समजलं.

सकाळी आत गेलो तर ६:४० चं विमान १०:५५ ला जाणार असं फलकावर लागलं. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, आता तरी आम्हाला खोली द्या. तिने नियम सांगितला आणि घरी येऊन मी तो स्वतः वाचला. डीजीसीएचा, म्हणजे तुमच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, प्रवाशांच्या सोयींचा नियम, २०१० पासूनचा, वेळोवेळी सुधारलेला. हॉटेल कधी मिळणार? विमानाला २४ तासांहून जास्त उशीर झाला तर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणाऱ्या विमानाला ६ तासांहून जास्त उशीर झाला तर. आमचं विमान सकाळचं. उशीर सव्वाचार तासांचा. म्हणून आम्हाला एक सँडविच आणि चहा. रात्रीचे सात तास हिशेबातच नाहीत, कारण ते कंपनीने आधीच वेळापत्रकात लिहिले होते. म्हणजे उशीर झाला तर प्रवासी माणूस असतो, आणि ठरवून रात्रभर बसवलं तर नसतो. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांनी कधी विमानतळावर रात्र काढली आहे का?

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण हे एकट्या आमच्या घरचं दुखणं नाही. हवाई चप्पल घालणारा माणूसही हवाई जहाजात बसेल, असं पंतप्रधानांनी सांगितलं. २७ एप्रिल २०१७ ला लहान गावं विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेची पहिली विमानं सुटली, त्यात आपलं नांदेडही होतं. २०१४ साली ७४ विमानतळ होते, आता दीडशेच्या वर गेले, हे तुम्ही प्रत्येक भाषणात सांगता. आमच्या अमरावतीच्या, बेलोऱ्याच्या विमानतळाचं १६ एप्रिल २०२५ ला उद्घाटन झालं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. पण बेलोऱ्याहून विमान जातं कुठे? मुंबईला, तेही मोजकेच दिवस. गोंदिया, जळगाव, नांदेड, कोल्हापूर, सिंधुदुर्ग, कुठलंही घ्या. लहान गावातून थोडीच विमानं सुटणार आणि तीही मोठ्या विमानतळालाच जाऊन मिळणार. तिथून पुढचं विमान पकडायचं म्हणजे बसून राहणं आलंच. लहान गावांची माणसं तुम्ही स्वतःहून या मोठ्या विमानतळांवर आणून सोडलीत. मग तिथली रात्र हा त्यांच्या प्रवासाचाच भाग झाला, आणि तिची व्यवस्था करणं हे विमानतळाचं काम झालं. धावपट्ट्या बांधल्यात, नवी टर्मिनल्स बांधलीत. त्यांत दुकानं किती आणि सामान्य माणसाला परवडेल अशा खाटा किती, हा आकडा एकदा संसदेत सांगा.

आणि हे फुकट मागत नाही आम्ही. प्रत्येक तिकिटात यूडीएफ म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क घेता. सुरक्षेचे वेगळे २०० रुपये घेता. मोठ्या विमानतळांचं यूडीएफ ठरवायला 'एरा' नावाचं स्वतंत्र प्राधिकरण आहे. २०१६ च्या तुमच्या धोरणानुसार विमानतळावरच्या दुकानं-जाहिरातींच्या उत्पन्नातला ३० टक्केच हिस्सा प्रवाशांवरचा भार हलका करायला धरतात. उरलेले ७० टक्के चालवणाऱ्या कंपनीचे. मग त्या कंपनीला खाट का ठेवावीशी वाटेल? झोपलेलं माणूस अत्तर विकत घेत नाही. दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ २००६ साली खासगी हातात गेले. कंपनीने नफा पाहावा, मला त्यात आश्चर्य नाही. पण करार सरकारने केले आहेत. त्या करारांत आमच्या बाजूने कोण बसलं होतं?

रेल्वेकडे बघा. रेल्वेला आपण उठता बसता नावं ठेवतो, पण स्टेशनावर प्रतीक्षालय असतं, बायकांचं वेगळं असतं, मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी असते, तिकिटाचा पीएनआर दाखवून खाट मिळते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल सुरू झालं, ४८ पॉड, बारा तासांचे ९९९ रुपयांपासून. आपल्या जालन्याच्याच रावसाहेब दानवेंनी, तेव्हाच्या रेल्वे राज्यमंत्र्यांनी, त्याचं उद्घाटन केलं होतं. अगदी काही नाही मिळालं तरी फलाटावर चादर अंथरलेल्या म्हातारीला कुणी काखेत हात घालून उठवत नाही. रेल्वेला जे जमतं ते विमानतळाला का जमू नये? कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारा 'उडान यात्री कॅफे' तुम्ही डिसेंबर २०२४ मध्ये सुरू केलाच ना? त्याआधी दहा रुपयांचा चहाही अशक्यच म्हणत होते.

परदेशाची उदाहरणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. दोहाच्या विमानतळावर पाय पसरून पडता येईल अशा खुर्च्यांच्या शांत खोल्या आहेत, बायकांच्या वेगळ्या, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. माझी भाची तिथे झोपून आली आहे. तिला तिथे जे मिळालं ते तिच्या आजीला स्वतःच्या देशात का मिळू नये?

झोपेचं महत्त्व तुमच्या खात्याला कळत नाही असंही नाही. वैमानिकांनी किती झोपावं याचे नियम तुम्हीच केलेत, आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती. अगदी योग्य केलंत. मग डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीची, इंडिगोची, त्या नियमांची तयारी नव्हती म्हणून ५ तारखेला एका दिवसात हजारावर विमानं रद्द झाली. बॅगांच्या ढिगाऱ्यांत लोक फरशीवर झोपलेले आम्ही टीव्हीवर पाहिले. सरकारने काय केलं? कंपनीला नियमातून तात्पुरती सूट दिली. कंपनी अडचणीत आली की त्याच दिवशी नियम वाकतो. माझ्या सासूबाईंच्या सव्वाचार तासांच्या उशिरासाठी हॉटेलचा नियम तसूभर हलला नाही.

मला राग याचाच आहे. या देशात कुठेही जा, दवाखान्यात, कचेरीत, स्टँडवर, म्हाताऱ्या माणसाला पहिली गोष्ट शिकवली जाते ती ताटकळायची. विमानाचं तिकीट काढलं म्हणजे त्यातून सुटका होईल असं मला वाटलं होतं. आणि बाईचं तर आणखी वेगळं. त्या रात्री मला डुलकी आली असती तरी मी डोळे मिटले नसते. पर्स, औषधं, सासूबाई, आणि आजूबाजूला फिरणारे अनोळखी पुरुष. एकट्या प्रवास करणाऱ्या मुली तिथे काय करत असतील? समोर एक मुलगी पायात बॅग अडकवून बसली होती, पहाटेपर्यंत तशीच.

मागणं मोठं नाही. ज्याच्याकडे सकाळच्या विमानाचं तिकीट आहे त्याला रात्री आत येऊ द्या. प्रत्येक मोठ्या विमानतळावर रेल्वेच्या दरात डॉर्मिटरी असू द्या, बायकांची आणि वृद्धांची वेगळी. तोवर निदान दहा-वीस रांगांचे ते दांडे काढा, त्याला ना निविदा लागते ना जमीन. आणि डीजीसीएच्या नियमात दुरुस्ती करा. एकाच तिकिटावर कंपनीने मध्यरात्र ओलांडून सहा तासांहून जास्त बसवलं, तर खाट देण्याची जबाबदारी कंपनीची, विमान वेळेवर असो वा नसो. तेवढं परवडत नसेल तर तसं तिकीट विकू नये.

या पत्राची प्रत आमच्या खासदारांना पाठवली आहे आणि येत्या अधिवेशनात खाटांचा प्रश्न लेखी विचारा असं त्यांना कळवलं आहे. विमान कंपनीकडून मला "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं उत्तर आलेलं आहे. तसलं उत्तर मंत्रालयाकडून नको. दुरुस्ती करणार की नाही, करणार असाल तर केव्हा, एवढंच कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अमरावती