आई-बाबांना, राजीनाम्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा गप्प होतात आणि आई भाजीचं विचारते, म्हणून लिहूनच कळवते. ऑफिसचा राजीनामा दिला. आता पूर्णवेळ बर्फावरचं फिगर स्केटिंग शिकवणार, तेही मोठ्या माणसांना. काळजी करू नका. विमा शैलेशच्या कंपनीकडून आहे, घराचे हप्ते व्यवस्थित चाललेत. मिनियापोलिसला बंदिस्त रिंक उन्हाळ्यातही चालू असतात. शिकणारे नोकरीच्या आधी नाहीतर नंतर येतात, त्यामुळे दुपारी घरी गरम वरणभात जेवते. गळ्यात आईने विणलेला मफलर असतोच.

बाबा, “या वयात कोण शिकतं” म्हणालात ना? अमेरिकेत प्रौढांची राष्ट्रीय स्पर्धा 1995 पासून होते. जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला तर देशोदेशीचे लोक येतात, साठी उलटलेलेसुद्धा. माझ्याकडे एक निवृत्त नर्स आहेत, कठडा सोडायला तयार नव्हत्या. लहान मुलं पडतात आणि उठतात. मोठ्यांना पडायच्या आधीच प्लास्टर दिसतं. म्हणून मी पहिल्यांदा पडायलाच शिकवते. गुडघे वाकवायचे, खाली बसत कुशीकडे कलायचं, हात मागे टेकायचा नाही, मनगट जातं. मग स्केटच्या पात्याच्या दोन धारा दाखवते, आतली आणि बाहेरची. वजन कुठल्या धारेवर टाकायचं, का टाकायचं, हे कळलं की मोठी माणसं मनापासून मेहनत घेतात. परवा त्या बाई बाहेरच्या धारेवर, एका पायावर, अर्धं वर्तुळ गेल्या. मला रडूच आलं.

आई, तू पन्नाशीला स्कूटी शिकलीस. सारखी पुढच्या चाकाकडे बघायचीस आणि मी मागून ओरडायचे, “समोर बघ!” इथे दिवसभर तेच ओरडते. काकू तेव्हा काय बोलल्या होत्या, आणि पुढे त्यांना दवाखान्यात कोण नेत होतं, आठव जरा.

आता ऐका. बाबा, मोरीत पाय घसरल्याचं ताईकडून कळलं. रागावले नाहीये, पण ती झिजलेली स्लीपर आजच टाका. रात्री उठताना दिवा लावायचा, आईची झोपमोड झाली तरी चालेल. आई, गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस, ‘ड’ जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचार. शनिवारी मिस्त्री मोरीत धरायला दांडा बसवायला येईल. पैसे दिलेत, त्याला परत पाठवू नका. गणपतीला येतेय, तेव्हा बघीनच.

तुमची,
चिमी