रिफमध्ये काय नाही ते आधी ऐक

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

गॅदरिंगला तुमचा बँड डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवणार, हे वाचून फार आनंद झाला. बाकीच्यांनी नाकं मुरडली, ‘हे तर गिटार घेतल्यावर पहिल्या आठवड्यात वाजवतात’ म्हणाले, असं तू लिहिलंस. पहिल्या आठवड्यात वाजवतात हे खरं आहे. म्हणूनच तर ते बहुतेकांचं कायमचं चुकीचं बसतं. त्या आठवड्यानंतर कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही. तुम्ही बघा. रिफमध्ये, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या छोट्या धूनमध्ये, काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही त्यात काय नाही ते आधी ऐका.

आधी स्वर. पांढरी पाचला सा धर. वरचा आवाज असा आहे: सा ग म, सा ग म म, सा ग म ग सा. गंधार सगळीकडे कोमल. मधल्या तुकड्यातला पहिला म तीव्र, लगेच पुढचा शुद्ध. दोन मध्यम असे लागोपाठ आले की आपल्या कानाला ललत आठवतो, पण इथे रागाचा काही संबंध नाही, हे ब्लूजचे स्वर आहेत. पेटीवर वाजवायचं तर पांढरी पाच, काळी पाच, वरची पांढरी एक आणि तीव्र मध्यमासाठी वरची काळी एक. सगळे मिळून चारच स्वर.

प्रत्येक स्वराखाली दुसरा एक स्वर आहे, बरोबर चौथा: साखाली मंद्र पंचम, कोमल गंधाराखाली मंद्र कोमल निषाद, मध्यमाखाली सा. म्हणजे अख्खी रिफ षड्ज-मध्यम भावाच्या जोड्यांची आहे. इथेच पहिली मोठी चूक होते. मुलं पॉवर कॉर्ड लावतात, सा खाली आणि पंचम वर, म्हणजे जोडी उलटी करतात. कागदावर स्वर तेच दिसतात, पण चाल जड होते आणि बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर, त्याच्या वाजवण्यातला कोरा, उघडा आवाज जातो. काही जण जोडीत तिसरा स्वर घालून पूर्ण मायनर कॉर्ड करतात. ते तर डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे अँपने मुद्दाम फाडलेल्या आवाजात, चिखल होतं.

दोनच स्वर इतके भरदार का वाजतात, त्याचं कारण समजून घे. तुझी मोकळी चौथी तार सुमारे १४७ हर्ट्झला वाजते, मोकळी तिसरी १९६ला. चार आणि तीनचं प्रमाण. अँप डिस्टॉर्ट होतो तेव्हा दोन स्वरांच्या फरकाचाही एक स्वर त्यात तयार होतो: १९६ वजा १४७, म्हणजे ४९. आणि ४९ हर्ट्झ म्हणजे पुन्हा सा, दोन सप्तकं खालचा, बास गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला मिळतो तोच. कुणी न वाजवलेला हा खालचा सा रिफला वजन देतो. तिसरा स्वर घातलास की असे फरकाचे स्वर चारी दिशांनी उगवतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. तार थोडी उतरलेली असली तरी तेच: खालचा सा डगमगायला लागतो. म्हणून प्रत्येक वेळी वाजवण्याआधी तिसरी तार तपास, गिटारची सगळ्यात चंचल तार तीच. डाव्या हाताचा जोर जास्त झाला तरी ती चढते, तेव्हा बोट फ्रेटच्या अगदी जवळ ठेव आणि लागतो तेवढाच दाब दे.

आता हात. तिसरी आणि चौथी तार, फ्रेट मोकळा, तीन, पाच आणि सहा. तिसऱ्या फ्रेटला पहिलं बोट दोन्ही तारांवर आडवं, पाचव्याला अनामिका, सहाव्याला करंगळी. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, बाजूला ठेव. रिची ब्लॅकमोर ही रिफ बोटांनी छेडतो. अंगठा चौथ्या तारेवर, तर्जनी तिसरीवर, दोन्ही एका क्षणी. पिकने कितीही चपळाईने मारलंस तरी आधी एक तार वाजते, मग दुसरी, शिवाय पिकची टकटक सुरुवातीला चिकटते. बोटांनी दोन स्वर एकत्र जन्मतात आणि जोडी ऑर्गनसारखी वाजते. साधी गोष्ट आहे, पण सगळा फरक इथे आहे.

मोकळ्या तारा वाजून झाल्यावर घुमत राहतात, त्यांना उजव्या हाताची बोटं परत टेकवून थांबव. बाकीच्या चार ताराही गेनमुळे, म्हणजे अँपवर आवाज फाडायला वाढवलेल्या जोरामुळे, आपोआप कुजबुजतात, त्यांच्यावर तळहाताची कड ठेव. एवढं करूनही पहिली जोडी आवरत नसेल तर ती पाचव्या आणि चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला घे. स्वर तेच मिळतात, आणि बोट सैल केलं की लगेच थांबतात. गेन कमी ठेव. मूळ रेकॉर्डिंग नीट ऐक, आपल्या आठवणीतल्यापेक्षा ते पुष्कळ स्वच्छ आहे.

दुसरी मोठी चूक लयीत. रिफचं एक आवर्तन तीनतालाएवढं आहे, सोळा मात्रा. लय मिनिटाला साधारण ११२ ते ११५ मात्रा. हाताने टाळी दे आणि तोंडाने म्हण. पहिल्या मात्रेवर सा, दुसरीवर ग, तिसरीवर म आणि तो लांब धरायचा. पुढचा सा पाचव्या मात्रेवर नाही, साडेचारवर येतो. मग ग साडेपाचवर, तीव्र म साडेसहावर आणि शुद्ध म बरोबर सातवर टेकतो. नवव्या मात्रेवर पुन्हा सा, दहाव्यावर ग, अकराव्यावर म, साडेबाराला ग, साडेतेराला सा, आणि तो शेवटपर्यंत. म्हणजे पहिला तुकडा मात्रेवर पाय रोवून चालतो आणि दुसरा अर्धी मात्रा आधीच निघतो. शिकाऊ हात सगळंच मात्रेवर आणून ठेवतो, आणि रिफ कवायतीसारखी होते. साडेचारचा सा जमला की पुढचं आपोआप जमतं.

बँडमध्ये कोण कधी येतं, हेही ठरलेलं आहे. आधी फक्त गिटार. मग हाय-हॅट (ड्रम्समधल्या पायाने मिटणाऱ्या दोन झांजा) आणि ऑर्गन. मग बाकीचे ड्रम्स. मग बास, आणि तो आला की गायक इयान गिलनचा आवाज. तुमच्या बासवाल्याला सांग, थांबण्यातच त्याचं काम आहे. तो आधीपासून वाजवत राहिला तर पुढे यायला काही उरत नाही. आला की एकच सा, सरळ, न थांबता, मात्रेला दोन. कीबोर्डवर जो असेल त्याने ऑर्गनचा आवाज लावावा, थोडा फाटका. जॉन लॉर्डने हॅमंड सी-३ ऑर्गन मार्शलच्या गिटार अँपमधून वाजवला, म्हणून गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो हे कळत नाही. त्याने गिटारच्याच जोड्या वाजवाव्यात, डाव्या हाताने कॉर्ड भरायला जाऊ नये. हाय-हॅटचा ठेका बारीक आणि अखंड पाहिजे. त्यांचा ड्रमर इयान पेस तिथे जी धग लावतो तिच्यावर रिफ उकळते.

धृपदातले कॉर्ड मध्यम, कोमल रिषभ आणि सा, म्हणजे सी, ए फ्लॅट, जी. तो कोमल रिषभ नवा वाटतो, पण तो रिफमध्ये आधीच येऊन गेला आहे: तीव्र मध्यमाच्या खालचा जोडीदार तोच. हे लक्षात आल्यावर मला ब्लॅकमोरचं आणि बँडमधल्या बाकी चार जणांचं कौतुक आणखी वाटतं.

तू विचारलंस की शब्दांचा अर्थ काय. अर्थ शोधू नकोस, ती बातमी आहे. डिसेंबर १९७१मध्ये डीप पर्पल स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो इथे अल्बम करायला गेले. रोलिंग स्टोन्स बँडचा रेकॉर्डिंगचा ट्रक भाड्याने आणला होता आणि तिथल्या कॅसिनोचं सभागृह स्टुडिओ म्हणून वापरायचं ठरलं होतं. ४ डिसेंबरला त्याच सभागृहात अमेरिकन गिटारवादक फ्रँक झापा आणि त्याचा बँड मदर्स ऑफ इन्व्हेन्शन यांचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारं पिस्तूल, वर उडवली, छताला आग लागली आणि सगळा कॅसिनो जळाला. माणसं वाचली, त्यांना बाहेर काढायला धावपळ केली ती माँत्रो जॅझ महोत्सवाच्या क्लोद नोब्सने. गाण्यातला ‘फंकी क्लोद’ तोच. झापाच्या बँडचं सगळं सामान गेलं, आणि त्याच आठवड्यात लंडनमध्ये एका प्रेक्षकाने झापाला स्टेजवरून खाली ढकललं, तो जबर जखमी झाला. काठावरच्या हॉटेलातून डीप पर्पलने पाहिला तो सरोवरावर पसरलेला धूर. पुढे एका सकाळी बासवादक रॉजर ग्लोव्हर जागा झाला तो ‘स्मोक ऑन द वॉटर’, पाण्यावरचा धूर, हे शब्द तोंडात घेऊनच. बँडला ते नाव आधी नको होतं, नशेचं गाणं वाटेल म्हणून.

आता यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. संगीत शब्दांच्या आधी झालं होतं. कॅसिनो जळाल्यावर बँडला पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळालं. तिथे रात्री ही रिफ रेकॉर्ड करत होते, तेव्हा तिला नावही नव्हतं. आवाज एवढा की शेजारपाजारच्यांनी तक्रार केली आणि पोलीस आले. बँडच्या माणसांनी दारं धरून ठेवली आणि आत टेक पूर्ण झाला. त्या थिएटरातून त्यांना बाहेर पडावं लागलं. मग हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात बाकीचा अल्बम झाला. कॉरिडॉरमध्ये वाद्यं मांडली, आवाज अडवायला गाद्या लावल्या. ट्रक बाहेर उभा, त्याच्यापर्यंत जायला खोल्या आणि बाल्कन्या ओलांडाव्या लागत, म्हणून वाजवलेलं परत ऐकायला जाणंच त्यांनी सोडून दिलं. इंजिनिअर मार्टिन बर्च होता. शेवटी अल्बमची लांबी कमी पडत होती आणि पॅव्हिलियनमधला टेक तयार पडला होता. त्याच्यावर गिलन आणि ग्लोव्हरने घडलं ते घडलं तसं लिहिलं. आग, क्लोद, ट्रक, थंड रिकामं हॉटेल. उपमा नाही, तत्त्वज्ञान नाही. म्हणून तुमच्या गायकाने कडव्यात किंचाळू नये, सांगितल्यासारखं गावं. गिलन किती वर जाऊ शकतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि इथे तो जात नाही.

‘मशीन हेड’ मार्च १९७२मध्ये आला. दुसऱ्या बाजूचं हे पहिलं गाणं. पण सिंगल म्हणून, म्हणजे एकाच गाण्याची वेगळी रेकॉर्ड म्हणून, बँडने काढलं होतं ‘नेव्हर बिफोर’, त्यांचा भरवसा त्याच्यावर होता. ऑगस्ट १९७२मध्ये ओसाका आणि टोकियोला वाजवलेलं ‘मेड इन जपान’ या लाइव्ह अल्बममध्ये आलं, आणि १९७३मध्ये अमेरिकेत ‘स्मोक ऑन द वॉटर’ सिंगल म्हणून निघालं, एका बाजूला स्टुडिओतलं आणि दुसऱ्या बाजूला जपानमधलं. ते तिथे चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बम निघून वर्ष होऊन गेलं होतं तोवर. ती दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐक, तुमच्या कामाची जपानची आहे, कारण स्टेजवर कुठे सैल सोडायचं ते तिथे कळतं. १९८९मध्ये आर्मेनियातल्या भूकंपग्रस्तांसाठी हेच गाणं बऱ्याच मोठ्या रॉक कलाकारांनी मिळून पुन्हा केलं. जून २००७मध्ये जर्मनीत १,८०२ गिटारवादकांनी ते एकाच वेळी वाजवलं. २०२४च्या नव्या आवृत्तीसाठी ‘मशीन हेड’चं मिक्सिंग फ्रँक झापाच्या मुलाने, ड्वीझिलने केलं, हे मला फार आवडलं.

माँत्रोच्या काठावर या रिफच्या सुरांचं स्मारक आहे. त्याच काठावर क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा पुतळा आहे. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला तो.

एक काम राहिलं. मूळ गाणं हळूहळू विरत संपतं, स्टेजवर ते जमत नाही. शेवट आधी ठरवा: रिफचं पूर्ण आवर्तन, साडेतेराचा सा, तिथे सगळ्यांनी एकत्र थांबायचं आणि गिटारच्या तारा लगेच दाबायच्या. ड्रमरकडे बघून थांबा, एकमेकांच्या अंदाजाने नको.

पुढच्या रिहर्सलचं रेकॉर्डिंग पाठव. मोबाइल अँपच्या तोंडाशी ठेवू नकोस, आवाज फाटतो. खोलीच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर ठेव. खालचा सा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू येणार नाही, मी हेडफोन लावून ऐकेन आणि साडेचारचा सा कसा पडतोय ते कळवेन. एक जादा तिसरी तार सोबत ठेव.

तुझी,
आई