काचेची भट्टी ५० अंशांनी जास्त तापत असल्याबद्दल तक्रार

जुळे सोलापूर
दि. ५ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील काचेच्या भट्टीची सदोष जोडणी व माहितीपुस्तिकेतील चूक

महोदय,

यंदा फेब्रुवारीत आपल्याकडून ३.६ किलोवॉटची, वरून उघडणारी भट्टी घेतली. खिडक्यांच्या काचेची कातरणे आणि रिकाम्या बाटल्या वितळवून ताटल्या, ट्रे करण्यासाठी ती वापरतो. माल बिघडतो म्हणून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले : "भंगारातली काच अशीच वागणार." आणि तक्रार बंद. दोष काचेचा नाही, भट्टीचे तापमान मोजणाऱ्या आपल्या तारेचा आहे.

आधी काचेचा मुद्दा निकालात काढतो. वेगवेगळ्या काचा तापल्यावर कमीजास्त प्रसरण पावतात आणि एकत्र वितळवल्या तर थंड होताना सांध्याशी तडकतात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून तपकिरी बाटली हिरवीत किंवा बाटली खिडकीच्या काचेत आम्ही कधीच मिसळत नाही. चाचणीसाठी एकाच तावदानातून ३ मिमीचे दोन तुकडे कापून एकावर एक ठेवले. ६ मिमी ही वितळलेली काच स्वतःहून धरते ती जाडी, त्यामुळे ताटली फार पसरायला किंवा आकसायला नको. कंट्रोलरवर, म्हणजे भट्टीचे तापमान राखणाऱ्या यंत्रावर, ८२० अंश, १० मिनिटे लावली. बाहेर आलेल्या ताटलीत बुडबुडे वर येऊन फुटलेले, दोन ठिकाणी आरपार भोके आणि पाठीला शेल्फचा (काच ठेवायच्या फळीचा) पांढरा लेप असा रुतलेला की तारेच्या ब्रशनेही निघेना. ८२० ला हे होत नाही. हे ८७० च्या आसपासचे काम आहे.

मग झाकणाच्या फटीतून दुसरा के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) आत सोडला आणि वेगळ्या मीटरवर आकडे घेतले. पहिल्या तासाला फरक ८ अंश, दुसऱ्या तासाला २३. चौथ्या तासाला कंट्रोलर ७८० दाखवत असताना आत ८३१. भट्टीचे अंग जसे तापते तसा हा फरक वाढतो, म्हणून भट्टी पूर्ण थंड झाल्यावर वीज तोडून मागचे झाकण उघडले.

थर्मोकपलपासून कंट्रोलरपर्यंत आपण साधी वायर टाकली आहे. टोक सोलून पाहिले तर दोन्ही तारा तांबूस. चुंबक एकीलाही चिकटत नाही. तिथे हवी ती के टाइपची एक्स्टेंशन केबल; तिच्यात ऋण बाजूची तार ॲल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूची असते आणि ती चुंबकाला चिकटते. थर्मोकपल तापलेले टोक आणि थंड टोक यांतला फरक मोजतो; तांब्याची वायर टाकली की हे थंड टोक कंट्रोलरशी न राहता, वायर जिथे थर्मोकपलला जोडली आहे त्या मागच्या सिरॅमिक कनेक्टरपाशी सरकते. भट्टी चालू असताना तिथे ९६ अंश होते, कंट्रोलरच्या टर्मिनलवर ४५. कंट्रोलर ४५ धरून हिशेब करतो, म्हणजे ५१ अंश कमी दाखवतो आणि तेवढी भट्टी जास्त तापवतो. मे महिन्यात सोलापुरात खोलीच चाळिशीला असते, पण इथे खोलीच्या उष्म्याचा दोष नाही. दोन टोकांमधला फरक नडतो.

पुस्तिकेबद्दलही लिहिणे भाग आहे. त्यात खिडकीच्या काचेसाठी ॲनिलिंग (आतला ताण सुटावा म्हणून थंड होताना काच एका तापमानाला धरून ठेवणे) ४८२ अंशांवर दिले आहे. हा आकडा परदेशी रंगीत आर्ट ग्लासचा आहे, कोणीतरी तसाच उतरवला. खिडक्यांच्या साध्या सोडा-लाइम काचेचा ताण ५४५-५५० च्या सुमारास सुटतो, ५१० च्या खाली ती जवळपास गोठलेली असते. ४८२ ला तासभर धरूनही ताण आतच राहतो. गंमत अशी की आपल्या दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या : ४८२ लावले की आत ५३० च्या आसपास भरत होते, म्हणून ताटल्या जेमतेम टिकल्या. नुसती वायर बदललीत आणि पुस्तिका तशीच ठेवलीत, तर आज धड निघणाऱ्या ताटल्याही दोन दिवसांनी टेबलावर ठेवल्या जागी तडकतील. दोन पोलरायझिंग फिल्म आडव्या-उभ्या धरून मधून पाहिले की अडकलेला ताण उजळ डागांसारखा दिसतो. आपल्या तंत्रज्ञाने ही तपासणी इथेच करावी.

आणखी एक : वीज जाऊन आली की कंट्रोलर प्रोग्राम सोडून बंद राहतो. तो थांबल्या जागेपासून पुढे चालू होण्याची सेटिंग मेनूमध्ये आहे, पण ती पासवर्डने बंद केलेली आहे. इथे वीज जाते. पासवर्ड द्यावा.

मागणी अशी : उष्णतारोधक आवरणाची दीड मीटर के टाइप एक्स्टेंशन केबल आपल्या खर्चाने बसवावी, दुसऱ्या मीटरशी ताळा करून लेखी नोंद द्यावी, खराब झालेले दोन शेल्फ बदलून द्यावेत आणि पुस्तिकेचे ते पान सुधारून सर्व ग्राहकांना पाठवावे. १५ दिवसांत काम न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ. भट्टी स्वयंरोजगारासाठी घेतली आहे आणि तक्रार आमच्या गावी दाखल करता येते.

सोबत बिलाची प्रत, तासवार आकड्यांचा तक्ता आणि सोललेल्या वायरीचा फोटो जोडला आहे. भोके पडलेली ताटली जपून ठेवली आहे. तंत्रज्ञ येण्याच्या आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे भट्टी रात्रीपासून बंद ठेवता येईल.

आपले,
भट्टीचे खरेदीदार