मापाडी काका, ती चादर हातात ठेवायला लावलीत म्हणून

काका नमस्कार,

तुम्ही मोबाईलवर एवढं लांबलचक वाचत बसणार नाही हे माहितीय, म्हणून बाबांना सांगितलंय की कांद्याचे लिलाव उरकले की काकांना हे वाचून दाखवा. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण सोलापूर स्टेशनवर तुमचे आभार मानायचे राहूनच गेले, रडण्यातच सिद्धेश्वर एक्सप्रेस सुटली.

एक वर्षासाठी जर्मनीला एक्सचेंजवर जायचं ठरल्यापासून आई रोज काहीतरी बॅगेत कोंबत होती. जन्मभर मार्केट यार्डात पोती उचललेल्या बाबांनी बॅग नुसती हातात धरली आणि म्हणाले, ही विमानाच्या २३ किलोत बसत नाही बघ. मग रिक्षात घालून बॅग तुमच्याकडे आणली, तुम्ही ती पोत्यांच्या काट्यावर ठेवली, २७ किलो ४०० ग्रॅम! माझ्या तर डोळ्यात पाणीच आलं, पण तुम्ही तिथंच गोणपाट अंथरलं आणि म्हणालात, "काढ सगळं बाहेर, एक एक बघू."

दिवसभर मापं करून दमलेले होतात तरी दीड तास बसलात काका. तुपाचा डबा आणि पेढे आधी बाजूला काढलेत, दुधाचं काही युरोपात नेऊ देत नाहीत, पुतण्याचं तिकडं विमानतळावर काढून घेतलं होतं म्हणालात. आईचं तोंड एवढंसं झालं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र तीन-तीन पिशव्यांत बांधून राहिल्या. पॉवरबँक मी मोठ्या बॅगेत टाकली होती, तीही काढायला लावलीत, पॉवरबँक आणि सुट्या बॅटऱ्या खालच्या सामानात चालतच नाहीत.

मग चादरीची वेळ आली. मी म्हणत होते राहू दे, तिकडं ब्लँकेट मिळतात की. तुम्ही ती घट्ट गुंडाळून माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये घातलीत, वर कागदांची फाईल, औषधं आणि एक ड्रेस. "विमानात दिलेली बॅग देवाच्या भरवशावर पोरी, हातात आहे तेवढंच आपलं."

आणि तसंच झालं. मुंबईहून पहिलं विमान उशिरा सुटलं, आखातात मी पळत पळत दुसरं विमान गाठलं पण बॅगा मागेच राहिल्या. फ्रँकफर्टला पट्टा रिकामा फिरत होता आणि मी बघत उभी. त्याआधी पासपोर्ट बघणाऱ्या साहेबांनी युनिव्हर्सिटीचं पत्र आणि इन्शुरन्स मागितला होता, फाईल त्या बॅगेत असती तर काय केलं असतं विचार करूनच पोटात गोळा येतो.

पुढं गोटिंगेनला जायचं होतं, तर ट्रेन कासेलला येऊन थांबली ती थांबलीच, रात्रीचे बारा वाजलेले, आता पुढची सकाळी म्हणे. सप्टेंबरचा शेवट पण आपल्याकडं जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा एवढी थंडी नसते हो काका. अंगात सुती ड्रेस, स्वेटर बॅगेत, बॅग दुसऱ्या देशात. प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर बसून सॅक उघडली, चादर काढली, डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून घेतली. तिला घरच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्या वासानं मी खूप रडले आणि मग मला चक्क झोप लागली.

बॅगा तिसऱ्या दिवशी आल्या, चटणी कणभरही सांडली नव्हती. पत्ता नोंदवायचं सरकारी कामही झालंय, ते इथं दोन आठवड्यांत करावं लागतं. आता घड्याळ साडेतीन तास मागं आहे, त्यामुळं तुम्ही जेवून उठता तेव्हा मी कॉलेजात असते.

पुतण्याला माझाही नंबर द्या. आणि पुढच्या वर्षी आले की घरी जायच्या आधी बॅग तुमच्या काट्यावर ठेवणार आहे, बाबांना सांगून ठेवलंय.

तुमची,
हमालाची पोर, आता गोटिंगेनमधून