ताई, तुम्ही माझे पट्टे सैल केलेत त्याबद्दल

प्रिय ताई,

तुम्ही वयाने माझ्याहून लहान असाल, तरी ताईच म्हणते. तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. पत्र वाचलंत तर मी कोण ते तुम्हाला कळेलच.

परवा सकाळी उजाडल्यावर जाग आली तेव्हा झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री लावायचा माझ्या मशीनचा मास्क चेहऱ्यावरच होता. खरं तर एवढंच सांगायचं होतं. सात महिने रोज पहाटे तो उशीखाली नाहीतर जमिनीवर सापडायचा. झोपेत कधी ओढून काढला तेही आठवायचं नाही. परवा तो होता तिथेच होता, आणि मी अंथरुणात बसून बराच वेळ रडले.

माझ्या स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, तासाला ३८ वेळा श्वास अडकतो असं आलं होतं. प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद. ३० च्या वर गेलं की आजार तीव्र धरतात, म्हणजे मी त्यात होते. यजमान रात्र रात्र जागून माझा पुढचा श्वास कधी येतो याची वाट बघायचे. म्हणून सीपॅप मशीन, म्हणजे नळी आणि मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, घेतलं आणि आता सुटलो असं दोघांनाही वाटलं.

मशीन घेऊन आलेल्या माणसाने मला खुर्चीत ताठ बसवलं, मशीन सुरूही न करता मास्क लावला, पट्टे आवळले आणि 'बसला' म्हणून निघून गेला. त्या रात्री हवेचं प्रेशर १२ वर गेलं आणि नाकाच्या बाजूने फुर्रर्र करत हवा थेट डाव्या डोळ्यात जाऊ लागली. फोन केला तर म्हणाले, पट्टे घट्ट करा. केले. हवा आणखी निसटायला लागली. पुन्हा फोन केला. अजून घट्ट करा. नाकाच्या उंचवट्यावर जखम झाली, गालांवर सकाळी वळ दिसायचे. तिसऱ्यांदा फोन केल्यावर 'सवय होईल' असं उत्तर मिळालं. कशाची सवय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

डोळे लाल आणि कोरडे व्हायला लागले म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब दिले, तीन महिने घातले. रात्री तोंडावर काय लावता, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यात जास्त लागलं ते मात्र दुसऱ्या एका डॉक्टरांचं बोलणं. त्यांनी मशीनच्या अहवालाची पानं उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोज चार तास तरी वापरायला हवं. तुम्ही मनावर घेत नाही." मनावर घेतलं नसतं तर मी रात्री दोनला आरशासमोर उभी राहून पट्टे ओढत बसले असते का? त्याच पानावर हवेच्या गळतीचा आलेख होता. माझ्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरपर्यंत गळती चालते, माझी रेघ त्याच्या दुप्पट उंचीवर होती. त्यांनी तास मोजले आणि ती रेघ तशीच सोडून दिली.

मग तुम्ही भेटलात.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, "रात्री कोणत्या कुशीवर झोपता?" सात महिन्यांत हे कुणीही विचारलं नव्हतं. तुम्ही मला पलंगावर उजव्या कुशीवर झोपवलंत, मशीन माझ्या नेहमीच्या प्रेशरवर चालू केलंत आणि बोलणं थांबवलंत. खोलीत नुसता त्या हवेचा आवाज. मग तुम्ही आपल्या हाताची पाठ ओली केलीत आणि माझ्या डोळ्याच्या कोपऱ्याजवळ धरलीत. तिथून हात हळूहळू नाकाच्या कडेने खाली, गालापर्यंत, पुन्हा वर. दोन-तीनदा. मग म्हणालात, "हो, इथून येतेय. बरीच येतेय."

ताई, त्या 'हो'चे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. ही हवा मला एकटीलाच लागते, बाकी सगळ्यांच्या लेखी मी हट्टी आणि आळशी बाई आहे, असं मला स्वतःलाही वाटू लागलं होतं. तुमच्या हाताला ती लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मास्कच्या कडेवर ओघळलं, तरी तुम्ही हात काढून घेतला नाहीत. "घाई नाही, पडून राहा," एवढंच म्हणालात.

आणि मग सगळ्यांच्या बरोबर उलट केलंत. पट्टे सैल केलेत. मास्क चेहऱ्यापासून जरासा उचललात, हवा आत भरू दिलीत आणि अलगद खाली टेकवलात. आवाज कमी झाला. सिलिकॉनची ती कड दुहेरी असते, आतला पातळ पदर हवेने फुगून चेहऱ्याला टेकतो, आवळलं की तो चपटा होतो, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. मग एक माप लहान मास्क लावून पाहिलात आणि आवाज थांबलाच. झोपल्यावर गाल आणि जबडा सैल पडतात, उशी मास्कला ढकलते, म्हणून खुर्चीत बसून घेतलेलं माप रात्री चुकतं. ऐकल्यावर किती साधं वाटतं.

आणखी एक गोष्ट इथे लिहितेच, कारण माझ्यासारखं दुसरं कुणी करत असेल तर त्यांना कळावं. मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतूनही हवा येते म्हणून मी त्यांवर चिकटपट्टी लावली होती. तुम्ही ती पाहिलीत आणि क्षणभर गप्प झालात. मग न ओरडता ती काढलीत आणि समजावलंत की ही गळती नव्हे, आपण सोडलेला श्वास याच भोकांतून बाहेर जातो, ती कधीही बुजवायची नाहीत. दुसऱ्या कुणी मला त्या पट्टीवरून आणखी चार शब्द सुनावले असते. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला हे आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं." चूक माझ्या पदरात न टाकता जिथली होती तिथे ठेवलीत.

रात्रीचं क्रीम बंद करा, सकाळी मास्क साध्या साबणाने धुवा, नळी डोक्यावरून घ्या, हे सगळं करते आहे.

घरी आल्यावर मी या मशीनबद्दल थोडं वाचलं. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत पहिल्यांदा मांडली. सुरुवातीच्या रुग्णांसाठी त्यांच्या नाकाचा साचा घेऊन मास्क बनवावा लागे, असं वाचलं आणि मला तुमचा हात आठवला. प्रत्येक चेहरा वेगळा, हे तेव्हाच ठाऊक होतं. पुढे मास्क खोक्यातून यायला लागले ते चांगलंच झालं, नाहीतर माझ्यापर्यंत तो पोहोचलाच नसता. पण खोकं उघडल्यावर समोरचा चेहरा बघायला वीस मिनिटं लागतात आणि ती वीस मिनिटं द्यायची की नाही हे शेवटी माणसावरच असतं. तुमच्या मागे रांग होती. मी ती बाहेर पडताना पाहिली. झोपून होते तेव्हा तुम्ही मला ती जाणवू दिली नाहीत.

आता आकडे सांगते, तुम्हाला आवडतील. गेल्या तीन आठवड्यांत श्वास अडकणं तासाला ४ वर आलंय. गळतीची रेघ बहुतेक रात्री २४ च्या खाली असते. डोळ्यांच्या थेंबांची बाटली अर्धी तशीच पडून आहे. यजमान झोपतात. त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली नाहीत अजून, पण झोपतात.

अजून एखाद्या रात्री कूस बदलताना फुरफुर होतेच. पूर्वी मी धडपडत उठायचे, दिवा लावायचे, आरशाकडे जायचे, पट्टे आवळायचे. आता पडल्या पडल्या उशाशी ठेवलेल्या पाण्यात बोटं बुडवते, हाताची पाठ ओली करते आणि तुम्ही फिरवला होता तसा अंधारात डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली फिरवते. हवा सापडते. मास्क उचलते, भरू देते, टेकवते.

तुमची,
उजव्या कुशीवर झोपणारी पेशंट