बस्टर कीटनच्या अंगावर कोसळलेली भिंत

संपादक महोदय,

मूकपटांतल्या कसरती म्हणजे ‘कॅमेऱ्याची करामत’ असे सर्रास म्हटले जाते. अमेरिकी विनोदी अभिनेता-दिग्दर्शक बस्टर कीटनच्या (१८९५-१९६६) बाबतीत हा निव्वळ अन्याय आहे. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये (१९२८) वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर येते आणि वरच्या उघड्या खिडकीच्या चौकटीमुळे तो उभाच्या उभा वाचतो. ती भिंत खरीच होती, वजन सुमारे दोन टन. हलकी केली असती तर वाऱ्यासाठी लावलेल्या प्रचंड पंख्यांच्या झोतात ती पिळवटली असती आणि खिडकी नेमक्या जागी पडली नसती. बूट कुठे टेकवायचे ती जागा जमिनीत खिळे ठोकून पक्की केली होती. खांद्यांना मोकळीक जेमतेम दोन-दोन इंच. पापणीही न लववता तो उभा राहिला!

हे अंगात मुरले होते लहानपणापासून. आईवडिलांच्या रंगमंचीय खेळात वडील त्याला अक्षरशः उचलून फेकत. पडायचे कसे, हे तो तिथेच शिकला. तरीही ‘शेरलॉक ज्युनियर’च्या (१९२४) चित्रीकरणात पाण्याच्या टाकीच्या लोंढ्याने तो रुळावर आपटला आणि मानेचे हाड मोडले. ते कळले कित्येक वर्षांनी, क्ष-किरण तपासणीत.

बोलपट आले म्हणून तो संपला, हेही अर्धसत्य. १९२८ मध्ये एमजीएम या हॉलीवूडच्या बड्या चित्रपट कंपनीशी करार करताच पटकथेपासून संकलनापर्यंतचा ताबा त्याच्या हातून गेला, खरा घात तिथे झाला.

चित्रपट मंडळांना एक कळकळीची विनंती : कमी वेगाने चित्रित झालेले मूकपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) पळवू नका. माणसे बाहुल्यांसारखी धावतात आणि त्या पडण्यातले वजनच हरवते.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक