टेबल यायच्या आधी

बडोदे,
बुधवार, रात्री

चि. चिमूस अनेक आशीर्वाद.

फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मी विचारणार नाही. "शनिवारी टेबल येतंय ना, मग आता विषय बंद," एवढं शेवटचं ऐकू आलं. बंद करायला माझी ना नाही. पण शुक्रवारी रात्रीच्या गाडीने आत्या पुण्याला येतेय, तिच्याबरोबर एक वस्तू द्यायचीच होती. म्हटलं, सोबत दोन ओळी लिहाव्या. कागदावर निदान मध्येच कोणी तोडत नाही.

बोटांना मुंग्या येतात म्हणालीस. कुठल्या बोटांना, ते नाही सांगितलंस. अंगठ्याकडच्या तीन की करंगळीकडच्या दोन? डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात. अंगठ्याकडची असली तर बहुतेक मनगटातली नस दबते, करंगळीकडची असली तर कोपराजवळची. आणि या दोन्ही नसा निघतात मानेतूनच, म्हणून मान तपासावीच लागते. असो. मी टेबलाबद्दल लिहायला बसलेय.

दादाने मला जाहिरात दाखवली. उंची ७५ सेंटिमीटर, म्हणजे साडेएकोणतीस इंच. बाजारातली बहुतेक टेबलं याच उंचीची असतात आणि ती पावणेसहा फुटी माणसाला बरी पडतात. तू माझ्या वळणावर गेलीस, पाच फूट एक इंच. आज दुपारी मी बाबांच्या खुर्चीत पाय टेकवून बसले, हात कोपरात काटकोनात धरले आणि मावशीला टेप लावायला सांगितली. कोपर जमिनीपासून २५ इंचांवर. म्हणजे तुझं टेबल तुझ्या कोपराच्या साडेचार इंच वर. दिवसाचे नऊ तास खांदे उचलून टाइप करायचं आणि मग म्हणायचं, आई, मुंग्या येतात.

पाय कापता येणार नाहीत, लोखंडी आहेत. म्हणून खुर्ची वर घ्यायची. खुर्ची वर गेली की पाय लोंबतात, मांडीखाली खुर्चीची कड रुतते. त्यासाठी पायाखाली काहीतरी लागतं. ते आत्याजवळ दिलंय.

लॅपटॉपची खोड तुला ठाऊक आहेच. हात नीट ठेवावे तर मान खाली जाते, मान नीट ठेवावी तर हात वर. दोन्ही एकदम जमतच नाही. म्हणून लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढव, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आण, आणि कीबोर्ड वेगळा घे. स्क्रीन इतका लांब हवा की हात सरळ केला तर बोटं टेकावीत. टेबल पुढून मागे २४ इंच असेल तरच हे जमतं. फोटोत मला १८ वाटलं. मोज. खिडकी डाव्या नाहीतर उजव्या हाताला येऊ दे. पाठीशी असली तर सगळा उजेड स्क्रीनवर चमकतो आणि माणूस नकळत मान वाकडी करतो.

मानेचं तुला खरं वाटत नसेल तर एक कर. पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून उभी राहा. मग तीच हात लांब करून धर. डोकं साधारण तेवढ्याच वजनाचं असतं, आणि पुढे झुकलं की मानेचं तेच होतं जे तेव्हा तुझ्या दंडांचं होईल.

झालं माझं लेक्चर सुरू. तू नेमकी यालाच कंटाळतेस, कळतं मला. माफ कर. पण ही मान मी स्वतः वापरलेली आहे.

१९८३ ते २०१४, एकतीस वर्षं ट्रेसर म्हणून, ड्रॉइंग शाईने उतरवून घेण्यात, काढली. तुला ते ऑफिस आठवतं ते प्रिंट काढायच्या अमोनियाच्या वासामुळे; तू आलीस की नाक धरून जिन्यात उभी राहायचीस. तिरप्या बोर्डावर ड्रॉइंग, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि त्यावर आम्ही सहा बायका ओणवलेल्या. पेन उभं धरायचं, रेघ ओढताना श्वास रोखायचा. शाई सांडली तर ब्लेडने पापुद्रा खरवडायचा, तोही असा की प्रिंटमध्ये डाग येऊ नये. बसायला पाठ नसलेलं स्टूल. संगणक आले तेव्हा ते त्याच उंच टेबलांवर मांडले आणि आमची मान खाली होती ती वर झाली. तेवढीच प्रगती.

तू विचारलं होतंस एकदा, दुधाचं पातेलं हातातून पडलं तेव्हा तू का रडलीस, दूधच तर होतं. तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. अंगठा आणि पहिली दोन बोटं सात-आठ महिने बधिर होती माझी. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांचं तेव्हा ते सगळं चाललं होतं, दादाची बारावी होती. म्हटलं, जाईल. पातेलं पडलं तेव्हा बाबांना कळलं. पुढे सहा महिने पट्टा आणि शेक. बरं झालं, पण सुईत दोरा ओवायला मला अजून मावशी लागते.

तू परवा मुंग्यांचं अगदी सहज बोललीस, बोलता बोलता, आणि लगेच टेबलाकडे वळलीस. मी असंच करायचे. किती दिवस होतंय ते खरं सांग.

२०२० मध्ये तू इथे होतीस तेव्हाच मला ओरडायला हवं होतं. संखेड्याच्या झोपाळ्यावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप. तुझ्या साहेबांनी विचारलं होतं ना, तुमच्याकडे भूकंप होतोय का? हसलो सगळे. नंतर तू इस्त्रीचं टेबल उंच करून उभ्याने काम करायचीस. ते खरं म्हणजे बरं होतं. मीच म्हणाले, इस्त्रीचं कापड खराब होईल. चुकलंच माझं.

आता जोडणीचं, आणि हे नीट वाच, कारण दादाने २०२१ मध्ये काय घोळ घातला ते तू फोटोतच पाहिलंस. सगळे भाग आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांड, फळीचा चकचकीत चेहरा खाली. स्क्रू वाटीत मोजून घे, एखादा कमी असेल तर आधीच कळू दे. जिला कच्ची कड आहे ती बाजू मागे. दादाची पुढे आली होती, सगळं पुन्हा खोललं. मिनीफिक्स म्हणजे फळ्या जोडायची पिन आणि चकती; त्या गोल चकतीवर बारीक बाण असतो; तो आधी फळीच्या कडेकडे, जिथून पिन आत येते तिकडे बघायला हवा, मग अर्धा फेरा. जोर लागला तर थांब, पिन पूर्ण आत गेलेली नाही. आणि कुठलाही स्क्रू पहिल्या फेरीत आवळायचा नाही. सगळे नुसते धरतील इतकेच लाव. मग दोरी घेऊन पायांच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोज. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, मग आवळ. दादाच्या टेबलात अर्ध्या इंचाचा फरक होता. तो म्हणाला, आई, ड्रॉइंग नाहीये हे. तीन वर्षं ते टेबल एका पायावर डुगडुगलं.

ड्रिल मशीन वापरू नकोस. हाताने, एल-कीने. फळी भुशाची आहे, जाहिरातीत इंजिनिअर्ड वूड म्हणतात ते तेच, दाबलेला भुसा आणि डिंक. मशीनने एक फेरा जास्त झाला की भोकाचं पीठ होतं. झालंच तर फेविकॉलमध्ये बुडवलेली आगपेटीची काडी भोकात घाल, वाळू दे, मग स्क्रू. चार फुटी फळीला मागून आडवी पट्टी आहे ना? नसली तर १८ मिलिमीटरची फळी वर्षाभरात मध्ये झोळ खाते.

उभं करताना शेजारच्या मुलीला हाक मार. एकटीने उचलायचं नाही, ओढायचं तर मुळीच नाही, सांध्यांवर ताण येतो. टेबलाच्या सांध्यांवर म्हणतेय. तुझ्याही.

भुशाच्या फळीला मी उगाच नावं ठेवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी इथे समा भागात दादाच्या तळमजल्यात शिरली, सोसायटीत मगरीची आरोळी उठली, आम्ही सगळे वरच्या मजल्यावर. पाणी ओसरल्यावर दादाने ते टेबल सरकवायला हात लावला तर पायाची फळी पावासारखी फुगलेली, सनमायका कागदासारखा सुटलेला. शेजारीच अप्पांचं सागवानी टेबल त्याच पाण्यात उभं होतं. महिनाभर सावलीत वाळवलं. एक खण अडकतो, बाकी ठीक आहे. तुझा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे, माहीत आहे मला. पण चहा सातव्या मजल्यावरही सांडतो. कडेची पट्टी कुठे सुटली असेल तर चिकटवून घे, पाणी तिथूनच शिरतं.

अप्पांचं टेबल तुला पाठवावं असं मनात होतं. दादा म्हणाला, ट्रान्सपोर्टच्या पैशात तीन टेबलं येतील. मग मीही मोजलं तर तीस इंच भरलं. म्हणजे तुझ्या उपयोगाचं नाहीच. अप्पा कलाभवनातून शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढलं तेच मुळी हातात हुन्नर यावा म्हणून, सुतारकाम, रंगकाम, ड्रॉइंग. त्याच कलाभवनात तू चार वर्षं इंजिनिअरिंग केलंस आणि एक खिळा ठोकला नाहीस. अप्पा असते तर हसले असते, आणि मग पंचक्रोशीला सांगत सुटले असते. मीही सांगते. परवा दांडिया बाजारात जोशीकाकू भेटल्या, त्यांना म्हटलं, चिमू घरूनच ऑफिस करते, स्वतःचं टेबल घेतलंय. त्यांना त्यात काय विशेष ते कळलं नाही. दहावीपर्यंत तू लोखंडी ट्रंकेवर अभ्यास केलास, त्यांना कसं कळणार.

आत्याजवळ आजीचा पाट दिलाय. सागवानी, पितळी फुलीचा. त्याचीच उंची मोजली, साडेतीन इंच. तुला साडेचार हवे, म्हणून खाली दोन्ही पट्ट्यांना एकेक इंचाचं लाकूड मीच ठोकलंय, रबराच्या चकत्या लावून, फरशीवर घसरायला नको. खिळे चार, अंगठ्याला एकदाच लागला. पाटावर पाय ठेवायचा नसतो हे मला माहीत आहे. आजीला मी सांगेन.

पिशवीत लीलो चिवडो आणि भाकरवडी आहे. टेबलावर बसून खाऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. हाताचं विचारायचं राहिलंच. डावा की उजवा?